दूध साकळलंय म्हणून किती दिवस? बाळंतिणीच्या निदानाचा प्रश्न

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं प्रकरण गाजलं. सरकारी पाहणीत ८२ हजार बायकांमागे १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अहवाल आला, भाषणं झाली. त्या बायका तेव्हा काय सांगत होत्या ते आठवा. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलो, आणि डॉक्टर म्हणाले, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल. खरंच कॅन्सर आहे का, हे बघणं बाजूला राहिलं. नुसता शब्द पुरेसा होता. त्या एका शब्दावर बायकांनी मुकादमाची उचल वाढवून घेतली आणि ऑपरेशनचं बिल भरलं.

आता हाच शब्द दुसऱ्या टोकाला काय करतो ते पाहू. बाळंत होऊन दोन-तीन महिने झालेली बाई दवाखान्यात येते. एक छाती लाल, सुजलेली, दगडासारखी. इथे मात्र कॅन्सर हा शब्द कोणाच्याच तोंडी येत नाही. 'दूध साकळलंय' असं सांगून गोळ्या दिल्या जातात, शेक घ्यायला सांगतात. पंधरा दिवसांनी ती पुन्हा येते, पुन्हा गोळ्या, या वेळी जरा महागाच्या. महिन्याने चिरा देऊन पू काढायचा प्रयत्न होतो, आणि बऱ्याचदा पू निघतच नाही.

एकीकडे नसलेल्या कॅन्सरचा धाक घालून शरीराचा भाग काढून घेतला जातो. दुसरीकडे असू शकणाऱ्या कॅन्सरचं नावसुद्धा घेतलं जात नाही. ही दोन टोकं वाटतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. गरीब बाईला औषध मिळतं, सलाईन मिळतं, चिरफाडही मिळते. मिळत नाही ते निदान. आपल्या चळवळीने हा निदानाचा हक्क म्हणून मांडला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर या लेखाने उपकारापेक्षा अपकार व्हायचा. पाजणाऱ्या आईची छाती लाल होऊन सुजली तर बहुतेक वेळा ते साधं दुखणंच असतं. दूध साठतं, नळी तुंबते, स्तनाग्राला चीर पडते, चिरेतून जंतू आत जातात, ताप भरतो. डॉक्टर त्याला मास्टायटिस म्हणतात. योग्य अँटिबायोटिक सुरू झालं की दोन-तीन दिवसांत उतार दिसायला लागतो आणि दहा ते चौदा दिवसांच्या कोर्समध्ये बाई बरी होते. या दुखण्यात पाजणं थांबवायचं नसतं. उलट छाती मोकळी होत राहिली तर लवकर उतार पडतो. तेव्हा हे वाचून कोणी घरातल्या बाळंतिणीला घाबरवू नये, बाळाचं दूध तोडू नये. वरचं दूध विकत आणणं आपल्या किती घरांना परवडतं, ते सांगायला नको.

प्रश्न त्या चौदा दिवसांनंतरचा आहे. औषध संपलं आणि छाती तशीच राहिली, तर पुढे काय?

स्तनाच्या कॅन्सरचा एक प्रकार असा आहे की त्यात गाठ हाताला लागतेच असं नाही. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्या तुंबवतात, त्यामुळे छाती लाल, जड, गरम होते. कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी बारीक खड्ड्यांची दिसते. स्तनाग्र आत ओढलं जातं. वरून पाहिलं तर अगदी जंतुसंसर्ग वाटावा असं सगळं. ताप बहुधा नसतो, हा एक फरक. पण ताप नसलेल्या बाईला 'गोळी लागू पडली, ताप उतरला' असं सांगणं सोपं असतं. याला दाहक स्तनकॅन्सर म्हणतात. स्तनाच्या शंभर कॅन्सरांत हा एक ते पाच इतकाच असतो, म्हणजे विरळा. पण तो आठवड्या-आठवड्याने वाढतो, आणि सापडतो तेव्हाच किमान तिसऱ्या टप्प्यातला धरला जातो. अशा रोगात अँटिबायोटिकचे तीन कोर्स करण्यात गेलेले दोन महिने म्हणजे काय, हे वेगळं सांगायची गरज नाही.

यापेक्षा जास्त वेळा घडतं ते वेगळंच. साधी गाठच असते, पण दुधाने भरलेल्या छातीत ती लपते. बाईला वाटतं दुधाची गाठ आहे, सासूलाही तसंच वाटतं, आणि डॉक्टरलाही तसंच वाटलं की विषय संपला. गुंता वाढवायला आपल्या भागात छातीचा टीबी असतो. शिवाय जंतूंशिवाय होणारी एक चिवट, जुनाट सूजही असते. तीही बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत जास्त दिसते. वरून हे सगळं सारखं दिसतं. कोणत्या बाईला यातलं काय आहे हे नजरेने, अनुभवाने किंवा पावडरीच्या इंजेक्शनने कळत नाही. त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते, आणि जाड सुईने बारीक तुकडा काढून तो पॅथॉलॉजीच्या डॉक्टरकडे पाठवावा लागतो. बस, एवढंच. याला कोणतंही परदेशी यंत्र लागत नाही.

आणि हे पाजणाऱ्या बाईचं करता येतं. सोनोग्राफीत किरण नसतात. मॅमोग्राफीसुद्धा करता येते. बायोप्सीच्या जागेतून क्वचित काही दिवस दूध झिरपतं, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे गावागावात ऐकू येणारं वाक्य खरं नाही. या वाक्याने किती बायका तपासणीच्या दारातून परत नेल्या असतील!

आता कोणी म्हणेल, विरळ्या रोगासाठी एवढा गहजब कशाला? जरा हिशेब करू. जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत साधारण तीन हजार गरोदरपणांमागे एक, असं प्रमाण दिलेलं असतं. गरोदरपणात किंवा त्यानंतरच्या वर्षभरात सापडलेला स्तनाचा कॅन्सर त्यात धरतात. अहिल्यानगर जिल्ह्याची, म्हणजे आपल्या नगरची, लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर जिल्ह्यात वर्षाला ६५ ते ७० हजार बाळंतपणं होतात. भागाकार तुम्हीच करा. वीस-बावीस बाया येतात. हा ढोबळ अंदाज आहे, पाहणी नाही, आणि या सगळ्याच काही लाल छाती घेऊन येणार नाहीत. पण दर वर्षी एका जिल्ह्यात वीस तरुण आया म्हणजे विरळा नाही. २०२१ च्या ६ नोव्हेंबरला नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी ११ रुग्ण गेले. सारा देश बोलला, कारण आग दिसते. चौदा तालुक्यांत विखुरलेल्या, एकेकट्या घरी परत पाठवलेल्या बाया एका ठिकाणी मरत नाहीत. म्हणून त्यांची चौकशी लागत नाही.

'पाजणाऱ्या आईला कॅन्सर होत नाही' हेही आपण ऐकतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंगणवाडीत स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात, त्यातून हा समज पक्का होतो. अर्धं खरं आहे ते. पाजल्याने आयुष्यभराचा धोका कमी होतो. पण कमी होतो, संपत नाही. आणि आज जिची छाती सुजली आहे, तिला हे वाक्य औषध म्हणून देता येत नाही.

मग तिचं निदान हुकतं कसं? डॉक्टर अडाणी आहेत म्हणून? तसं असतं तर सोपं होतं. एखाद्या एमबीबीएस डॉक्टरला दाहक कॅन्सर हे नाव शिकवलेलंच असतं. माझ्या मते खरं कारण बाळंतिणीच्या प्रवासात आहे, आणि तो प्रवास आपल्याला ठाऊक आहे, डॉक्टरला नाही.

समजा, पाथर्डी तालुक्यातली एक बाई आहे, वय बावीस. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आली. बाळंत झाली, घरी आली, सव्वा महिना झाला. छातीत दुखायला लागलं तेव्हा माहेरच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. तिथे पहिला कोर्स. तिसऱ्या महिन्यात ती सासरी गेली. तिथला दवाखाना वेगळा, आशाताई वेगळी, केसपेपर नवा. डॉक्टरने विचारलं काय होतंय, ती म्हणाली छाती दुखतेय. आधी काय घेतलं? 'गोळ्या होत्या, पांढऱ्या.' म्हणजे पुन्हा पहिला कोर्स. दसरा-दिवाळी झाली, मुकादमाची गाडी आली, नवरा-बायको मिळून एक कोयता, बाळाला घेऊन दोघं नेवाशाकडे नाहीतर थेट कोल्हापूर-कर्नाटकाकडे. फडावरच्या कोपीत तिसरा दवाखाना. तिथला डॉक्टर तर तिला आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं बघतोय. दवाखान्यात दिवस गेला की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून ती दुसऱ्यांदा जातही नाही. तिसराही पहिलाच कोर्स देतो.

तिघांनीही आपापल्या जागी पुस्तकाप्रमाणेच केलं. पहिल्या भेटीत अँटिबायोटिक देणं चूक नाही. पण तिची दुसरी भेट कोणाकडेच झाली नाही. 'मी दिलेल्या औषधाने उतरलं का?' हा प्रश्न विचारणारा एकही माणूस तिच्या वाटेत नव्हता. ज्या बाईचा फॅमिली डॉक्टर आहे, जिची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट लावलेली आहे, जिचा भाऊ फोन करून 'डॉक्टर, दहा दिवस झाले, फरक नाही' असं विचारू शकतो, तिची दुसरी भेट होते. निदानाचं सगळं गणित दुसऱ्या भेटीत आहे. आणि दुसरी भेट जातीवर, जमिनीवर आणि पगारावर ठरते.

इथे जात आणली म्हणून काही वाचक नाक मुरडतील. कॅन्सर जात बघत नाही, हे वाक्य तयारच असतं. कॅन्सर बघत नाही हे खरं, पण हात बघतात. छाती तपासायची म्हणजे हात लावावा लागतो, पदर बाजूला करावा लागतो, काखेतल्या गाठी चाचपाव्या लागतात. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानातल्या दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते याचा अभ्यास केला होता, त्यात स्पर्श टाळणं ही भेदभावाची ठळक खूण म्हणून पुढे आली. आपल्याकडे आज कोणी तोंडाने विटाळ म्हणणार नाही. पण टेबलापलीकडून लांबून बघून चिठ्ठी लिहिणं कोणत्या वस्तीतल्या बाईच्या वाट्याला जास्त येतं, हे ज्यांनी ओपीडीच्या रांगेत दिवस काढलेत त्यांना विचारा. त्यात पुरुष डॉक्टर, पडदा नाही, बाजूला चार माणसं. बाईही पदर घट्ट धरून बसते. तपासणी न होण्यात दोघांचीही सोय होते.

घरच्यांचंही बोललं पाहिजे. आपल्याकडे बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा ओली बाळंतीण आली की पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजली जाते. छाती सुजली की नजर काढली जाते, दृष्ट लागण्याजोगं दूध होतं म्हणे. याच्यावर जरूर बोला, घरात भांडा. पण सगळं खापर अंधश्रद्धेवर फोडायला मी तयार नाही. या बाया दवाखान्यात गेलेल्या असतात, एकदा नाही, तीन-तीनदा. त्यांनी विज्ञानाचं दार ठोठावलं, आतून उत्तर आलं नाही. मग भगताकडे गेल्या तर दोष कोणाचा?

आता बाबासाहेबांकडे येऊ. नुसतं नाव घ्यायला नव्हे, या प्रश्नावर त्यांची भूमिका काय होती ते बघायला. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार बायकांच्या प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांचा मुद्दा असा होता की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, आणि त्या बाईच्या श्रमातून फायदा घेणाऱ्या मालकानेही. आईचं शरीर हा घराचा खाजगी मामला नाही, त्याची जबाबदारी सार्वजनिक आहे, हे त्यातलं सूत्र. दुसरा प्रसंग तर आपल्या नगरशी जोडलेला आहे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आला. तो बाबासाहेबांच्या वतीने मांडला स्वतंत्र मजूर पक्षाचे नगरचे आमदार पी. जे. रोहम यांनी. बाईला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर ते टाळण्याची मुभा तिला असली पाहिजे, ही त्यामागची मांडणी होती. सततच्या बाळंतपणांनी बायकांच्या शरीराची होणारी हानी सभागृहात उघड बोलली गेली. ठराव पडला. पण १९३८ साली विधानसभेत उभं राहून बाईच्या देहाबद्दल न लाजता बोलणारा पुरुष नगर जिल्ह्यातून निवडून गेला होता, आणि आज आपल्या बैठकीत 'स्तन' हा शब्द उच्चारला की पोरं खाली बघतात!

सरकारी यंत्रणेकडे पाहिलं तर अजब चित्र दिसतं. बाळंतिणीकडे जायला माणूस आहे. आशाताई बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिच्या फॉर्ममध्ये आईच्या छातीबद्दल, स्तनाग्राच्या चिरांबद्दल विचारायची जागाही आहे. पण बेचाळिसाव्या दिवशी हे सगळं थांबतं. जननी शिशु सुरक्षा योजनेत आईला मिळणारी मोफत सेवाही बेचाळीस दिवसांचीच. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात आशाताई पुन्हा दारात येते, पण ती बाळासाठी. बाळाचं वजन, बाळाच्या लसी, बाळाचा वरचा आहार. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली आई त्या कागदावर नसते. हे आशाताईवर बोट ठेवायला लिहीत नाही. पाच भेटींचे मिळून अडीचशे रुपये देणाऱ्या सरकारने तिला जो फॉर्म दिला तोच ती भरते.

दुसऱ्या बाजूला स्तनाच्या कॅन्सरसाठी सरकारी तपासणी मोहीम आहे, पण ती वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. आपल्या पोरींची पहिली, कित्येकींची दुसरी बाळंतपणंही पंचविशीच्या आत होतात. म्हणजे माता योजनेतून ती बेचाळिसाव्या दिवशी बाहेर पडते आणि कॅन्सर योजनेत तिशीपर्यंत आत येत नाही. मधली सगळी वर्षं तिची ती. आणि तिशी ओलांडली तरी काय होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी कधीतरी स्तनाची तपासणी झालेल्या शंभरात एकही भरत नव्हती.

तशी ही मोहिमेची गोष्टच नाही, हे नीट समजून घ्या. मोहीम निरोगी माणसातून रोगी शोधते, त्याला पैसा लागतो, मनुष्यबळ लागतं, आणि तिशीच्या आतल्या सगळ्या बायांना तपासा असं कोणी म्हणतही नाही. इथे बाई स्वतः तक्रार घेऊन आलेली आहे, दारात उभी आहे, छाती दाखवायला तयार आहे. तिला शोधायचं नाही. परत पाठवायचं नाही, एवढंच.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं काय, असं विचाराल. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात बसतं, आणि ही योजना आपल्या लोकांनी हक्काने वापरली पाहिजे. पण ती सुरू होते हातात बायोप्सीचा रिपोर्ट आल्यावर. त्याच्या आधीचा रस्ता, म्हणजे दवाखाने, सोनोग्राफी, खाजगी लॅब, जीपचं भाडं, बुडालेली मजुरी, हा सगळा खिशातून. लाखांचा उपचार फुकट आणि तिथपर्यंत पोचवणारे काही हजार नाहीत म्हणून बाई घरी. याच फटीत बाया अडकतात.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं एक मोठा प्रयोग केला, दीड लाखांहून जास्त बायकांवर. साध्या शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांना हाताने स्तन तपासायला शिकवलं आणि दर दोन वर्षांनी तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तपासलेल्या गटात कॅन्सर आधीच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमधली घट सिद्ध झाली नाही, तेही सांगितलं पाहिजे. पण दहावी-बारावी शिकलेल्या बाईच्या हाताला छातीतला बदल कळतो, हे त्याने दाखवलं. आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. जामखेडमध्ये १९७० पासून रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावोगावच्या अक्षरओळख नसलेल्या बायांना आरोग्यसेविका केलं. त्यात दलित बायका होत्या. ज्यांना ओट्यावर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्याच हाताने पुढे सवर्णांची बाळंतपणं झाली. जामखेडला लागून असलेल्या भूम-परंड्यात आणि पलीकडे बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, देशातली पहिली. तिथे गावात जाऊन नुसती माहिती सांगितल्याने गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्याचं नोंदवलं गेलं. थोडक्यात, नगरच्या वेशीवरच हे जमलेलं आहे.

आपण खर्ड्यासाठी रस्त्यावर आलो, सोनईसाठी, जवखेड्यासाठी आलो, आणि गरज पडली तर पुन्हा येऊ. पण उपचाराविना, निदानाविना गेलेल्या बाईसाठी आपण कधी निवेदनही दिलं नाही. कारण आजारपण हे आपल्याला अजून नशीब वाटतं, अन्याय वाटत नाही. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरं घेतो, उत्तम आहे. पण वस्तीत बाळंतीण कोण आहे, तिचा कितवा महिना आहे, तिच्या छातीची तक्रार संपली का, हे आपल्यापैकी कोणाला माहीत असतं? मुलींनी हे काम हातात घ्यावं, कारण तक्रार त्यांनाच सांगितली जाईल. पोरांनी गाडीची सोय, कागदपत्रं आणि भांडण एवढं बघावं.

सांगायचं काय, ते सोपं आहे. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करूनही लाली, सूज किंवा गाठ राहिली तर दुसरा कोर्स घेण्याआधी सोनोग्राफी, आणि त्यात शंका असेल किंवा सोनोग्राफी ठीक येऊनही छाती तशीच राहिली तर तुकडा तपासणी. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, काखेत गाठ आली, तर कोर्स संपायचीही वाट बघायची नाही. पू काढला तर पोकळीच्या भिंतीचा तुकडा तपासायला पाठवा, असं डॉक्टरला सांगायचं, न लाजता. आणि प्रत्येक कोर्सचं नाव व तारीख त्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायची. ते कार्ड बाळाच्या लसीसाठी माहेर, सासर, फड सगळीकडे तिच्याबरोबर जातंच. तिच्या प्रवासात तिच्यासोबत राहणारा तेवढा एकच कागद आहे.

रिपोर्ट वाईट आला तर जामखेड-कर्जतकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, शेवगाव-नेवासेकडच्यांना छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडेल. टाटाला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांसाठीच चालते. केमो सुरू झाल्यावर पाजता येत नाही, त्यामुळे बाळाच्या दुधाचा खर्च कोण उचलणार हे वस्तीने पहिल्याच दिवशी ठरवावं.

आणि जिल्हा पातळीवर माहितीचा अधिकार वापरा. अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. विचारायचं ते असं: गेल्या तीन वर्षांत जिल्हा रुग्णालयात आणि उपजिल्हा रुग्णालयांत स्तनाच्या किती बायोप्सी झाल्या, रिपोर्ट यायला सरासरी किती दिवस लागले, प्रत्येक ठिकाणी पॅथॉलॉजिस्टची किती पदं मंजूर आणि किती भरलेली, आणि पाजणाऱ्या मातेची छातीची तक्रार औषधाने न उतरल्यास पुढे कुठे पाठवायचं याचा लेखी आदेश आहे का, असल्यास त्याची प्रत. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर नियम दाखवून परत करतील. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील.